इंजिन जाम आहे, पण नेमकं काय जाम आहे?

‘काका, आम्ही खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला राहतो. आमच्या आज्जांचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर आठ वर्षं झाली, गोठ्यामागच्या फणसाखाली उभा आहे. आज्जा गेले त्या साली शेवटचा चालला. आता मी बेळगावची नोकरी सोडून शेती बघायला आलोय आणि तो पुन्हा चालू करावा असं मनात घेतलंय. पण इंजिन फिरत नाही, क्लचचं पेडल दगडासारखं आहे, चाकाचे नट हलत नाहीत. एक मिस्त्री बघून गेला, म्हणाला इंजिन जाम, भंगारात घाला. थोरला भाऊ म्हणतो, गियरमध्ये टाकून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढू, आपोआप सुटेल. आज्जी म्हणते, रंग मारून दारात उभा करा, पोरं खेळतील. खंडेनवमीला पूजेला तरी तो धडधडत दारात यावा असं वाटतं. कुठून सुरुवात करू? आज्जा सायलेन्सरवर तेलाचा एक डबा पालथा घालायचे, तो अजून गोठ्यातल्या खुंटीला आहे. बाकी सगळं तसंच्या तसं आहे.’

थोरल्याला आधी थांबव. बाकीचं नंतर बोलू.

जाम इंजिन गियरमध्ये टाकून ओढायचं, हा सल्ला आपल्याकडे चहाच्या गाड्यावर फुकट मिळतो. कधीमधी तो लागूही पडतो, म्हणून तर टिकून आहे. ज्याचं इंजिन सुटलं तो दहा जणांना सांगतो, ज्याचा कनेक्टिंग रॉड वाकला तो गप्प बसतो. ओढणाऱ्याला आत काय चाललंय याची खबर नसते. पिस्टनच्या रिंगा गंजानं लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळकांड्याला, धरलेल्या असतात. रिंग बिडाची, आणि बीड वाकत नाही, तुटतं. तुटलेला तुकडा लायनरवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढत जातो. सिलेंडरात पाणी साठलेलं असलं तर त्याहून वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळला की रॉडचाच बळी जातो. आज सुटण्यासारखं असलेलं इंजिन उद्या खरंच भंगारात घालावं लागेल.

तो मिस्त्री ‘भंगारात घाला’ म्हणाला, त्याच्यावर मात्र राग धरू नकोस. त्याला दिवसाची मजुरी पाडायची असते. जाम सुटं करायचं काम म्हणजे दहा मिनिटं हात चालवायचे आणि चार दिवस थांबायचं, परत दहा मिनिटं, परत चार दिवस. त्या थांबण्याचे पैसे त्याला कोण देणार? म्हणून मी नेहमी म्हणतो, इंजिन बांधायचं काम मिस्त्रीचं, पण जाम सोडवायचं काम मालकाचं. तू घरीच आहेस, ट्रॅक्टर गोठ्यामागं आहे, रोज दूध काढून झाल्यावर जाऊन एक फेरी मारता येते. बेळगावातल्या कुठल्याही गॅरेजला ही सोय नाही.

आता मुद्द्यावर येतो. ‘इंजिन जाम’ हा आजार नव्हे, लक्षण आहे. पंखा हातानं फिरला नाही एवढंच त्यातून कळतं. न फिरायला पाच-सहा कारणं असू शकतात आणि त्यातली निम्मी इंजिनच्या बाहेरची असतात.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, अद्दल घडली म्हणून सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेत, गॅरेजमध्ये नवा नवा कामाला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. निपाणीकडचा एका तंबाखूवाल्याचा ट्रॅक्टर ओढून आणला होता. इंजिन एक केसभर हलत नव्हतं. माझ्या अंगात रग होती. दीड दिवसात हेड उतरवलं, पॅकिंग फाडलं, आत बघतो तर लायनर आरशासारखे. उस्तादांनी काही न बोलता सेल्फचे, म्हणजे स्टार्टरचे, दोन बोल्ट सोडले, सेल्फ बाहेर ओढला आणि मला म्हणाले, ‘आता फिरव.’ इंजिन हातानं फिरलं. सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलं होतं, एवढंच. नव्या पॅकिंगचे पैसे माझ्या पगारातून गेले. त्याहून जास्त लागलं ते त्यांचं गप्प राहणं.

म्हणून तूही तिथूनच सुरुवात कर. बॅटरी नसेलच, असली तर आधी तिची तार काढ. गियर न्यूट्रलमध्ये आहे का बघ. लिव्हर न्यूट्रलमध्ये दिसतो म्हणून आतला गियर निघालेला असेलच असं नाही, लिव्हर हलवून, चाचपून खात्री कर. मग पंख्याचा पट्टा काढ. पट्टा निघाला की डायनामो आणि पाण्याचा पंप बाजूला होतात, ते वेगळे हातानं फिरवून बघता येतात. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गंजून बसलेलं मी कितीदा पाहिलंय. मग सेल्फ काढ. त्याच्या भोकातून फ्लायव्हीलचे दाते दिसतात, तिथं पुढं टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावायला जागाही मिळते. इथवर एक दुपार जाईल, आणि नशीब असेल तर इथंच काम संपेल.

पण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळी वाचून मला वाटतं, तुझं इथं संपायचं नाही.

डबा खुंटीला आहे, म्हणजे सायलेन्सर आठ पावसाळे उघडा होता. आणि पाऊस खानापूरचा! अथणीकडं उभा असता तर एक वेळ निभावलं असतं. मॅसीचा सायलेन्सर उभा, वरून पडलेलं पाणी सरळ खाली मॅनिफोल्डमध्ये येतं. पुढं कुठं जाईल? ट्रॅक्टर बंद झाला त्या क्षणी ज्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता, त्यात. म्हणजे तीन सिलेंडरपैकी बहुतेक एकच खरा गंजलेला असणार. उरलेले ठीक निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नकोस. आज्जांनी शेवटचा ट्रॅक्टर बंद करताना क्रँक कुठं थांबला, त्यावर सगळं ठरलं बघ.

तर आता रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) उघड आणि सिलेंडरात डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढ. या सिम्प्सनच्या इंजिनात (मूळ आराखडा पर्किन्सचा) नोझल दोन नटांवर बसवलेला असतो. आठ वर्षांत कार्बन आणि गंज मिळून तो हेडमध्ये रुतलेला असेल. एका कानाखाली पहार घालून उचकटू नकोस, कान मोडतो. बुडाशी तेल सोड, दुसऱ्या दिवशी नोझल डावीकडं-उजवीकडं वळवायचा प्रयत्न कर, रोज थोडा. नोझल निघाला की खाली तांब्याचं वॉशर राहतं, तेही काढून घे. परत बसवताना जुन्यावर नवं वॉशर पडलं तर कॉम्प्रेशन गळत राहतं आणि कारण महिनाभर सापडत नाही.

त्याआधी खालचा चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट सोड, पण एकदम नाही. हळूहळू ढिला कर आणि खाली पातेलं धर. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाला बसतं, म्हणून पहिली धार पाण्याची असेल तर ती दिसेल. किती पाणी निघालं ते लक्षात ठेव. पेलाभर असेल तर घाबरायचं कारण नाही. पातेलंभर निघालं तर बेअरिंगंही उघडून बघावी लागतील.

मग प्रत्येक नोझलच्या भोकातून तेल सोडायचं. कुठलं तेल, यावर गॅरेजमध्ये भांडणं लागतात. कोणी लाल तेल म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक गियरचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं म्हणतो, कोणी डिझेल, कोणी डब्ल्यूडी-४०, कोणी नुसतं इंजिन ऑइल. एकानं बाटलीतलं थंड पेयही ओतलेलं मी बघितलंय. त्यात सौम्य आम्ल असतं, गंज थोडा खातं, पण मागं जी चिकट घाण राहते ती काढताना जीव जातो. माझं मत विचारशील तर बाहेरच्या नट-बोल्टला एटीएफ-ॲसिटोन उत्तम, फक्त दर वेळी बाटली हलवून घे, कारण ते दोन्ही नीट मिसळत नाहीत. आणि जवळ विडी पेटवू नकोस, ॲसिटोन पेट्रोलसारखं भडकतं. सिलेंडरात मात्र ॲसिटोन उडून जातं, तिथं त्याचा उपयोग कमी. तिथं एटीएफमध्ये थोडं डिझेल पुरे. प्रत्येक सिलेंडरात अर्धा पेला ओत आणि भोकांवर चिंध्या कोंब.

आणि आता सोडून दे. आठवडाभर इंजिनला हात लावू नकोस.

तो आठवडा रिकामा घालवायचा नाही. डिझेल पंप उतरव. फ्लँजवर छिन्नीनं खूण करून मगच उतरव, नाहीतर टायमिंग हरवेल. हा पंप मी मुद्दाम आधी सांगतोय. त्याच्या आतले भाग इतके घट्ट जुळवलेले असतात की जुन्या डिझेलचा चिकटा किंवा पाण्याचा थेंब त्यांना बांधून टाकायला पुरतो. पंप जाम असताना इंजिन फिरवलंस तर त्याचा आतला बारीक शाफ्ट तुटतो. म्हणजे तू इंजिन सोडवायला जाशील आणि पंप गमावशील. पंपाला हातोडी नको, तेल सोडून उगाळणं नको, घरात उघडणंही नको. तो पंपवाल्याकडंच जाऊ दे. बेळगावात जा किंवा कोल्हापूरला जा, कन्नडमध्ये सांग की मराठीत सांग, ‘जाम’ म्हटलं की दोन्हीकडं बरोबर कळतं. नोझलही सोबत दे, ते टेस्टरवर बसवून प्रेशर लावून देतील. नोझलची फवारणी बघायची हौस असते सगळ्यांना, पण फवाऱ्यासमोर बोट धरू नकोस. ती धार कातडीतून आत शिरते आणि वरून नुसता एक ठिपका दिसतो. तसं झालं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठायचा.

रॉकर उघडाच आहे तर व्हॉल्व्हही बघून घे. स्टेमच्या टोकावर लाकडी हातोडीनं हलकं टकटक कर. व्हॉल्व्ह खाली जाऊन स्प्रिंगनं लगेच वर आला तर मोकळा आहे. खाली गेला आणि तिथंच राहिला, किंवा गेलाच नाही, तर गाइडमध्ये धरलाय. तो मोकळा झाल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही, पुशरॉड वाकतील.

आठवड्यानंतर सेल्फच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दात्याला टॉमी लाव आणि पुढं दाब. मग मागं. परत पुढं. ताकद लावायची नाही, झुलवायचं. हलतंय का ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून दात्यावर आणि कडेला खडूची रेघ ओढ. रेघ सुतभर जरी सरकली तरी तू जिंकलास, आणि नेमकं तिथंच थांबायचं. परत तेल, परत चार दिवस. इथंच माणसं घाई करतात. एकदा हललं की हातात बळ येतं, पाइप चढतो, थोरला मदतीला येतो आणि रिंग तुटते. रोज सुतभर जास्त, असं करत पूर्ण फेरा झाला की पिस्टनवरचं तेल नोझलच्या भोकातून छताला लागेल इतक्या जोरात उडतं. त्या वेळी भोकावर वाकून बघू नकोस.

तीन आठवड्यांत रेघ हललीच नाही तर हेड उतरव. नट एकेक करून पूर्ण न काढता सगळे थोडे थोडे ढिले करत ने, आवळायच्या क्रमाच्या उलट. हेड निघालं की सगळं उघड होईल. गंजलेला सिलेंडर वीटकरी दिसेल. पिस्टनच्या वर लायनरवर गंजाचं जे कडं असतं, ते आधी पॉलिश पेपरनं घासून काढ, कारण पिस्टनला जायचं आहे त्याच वाटेनं, आणि वाटेवर दगड असताना ढकललं तर रिंगच मोडणार. मग बाभळीचा ठोकळा घ्यायचा, पिस्टनच्या तोंडावर मावेल असा, आणि त्याचा दाब कडेवर पडेल असा. मधल्या खळग्यावर ठोकायचं नाही. कुठल्या पिस्टनवर ठोकायचं हेही महत्त्वाचं. जो अगदी वर किंवा अगदी खाली आहे त्याच्यावर कितीही घाव घाल, क्रँक फिरणार नाही, नुसतं बेअरिंग मार खाईल. मधोमध असलेल्यावर ठोकलं तर फिरण्याला जोर मिळतो. तीन सिलेंडरचं इंजिन असल्यामुळं एक वर असला तर उरलेले दोघं खाली एकाच उंचीला असतात, तेव्हा मधला सापडेलच असं नाही. तसं असेल तर खालून चेंबर काढ आणि मोकळ्या दोघांच्या रॉडच्या कॅप सोड. म्हणजे भांडण एकाच पिस्टनशी राहील. कॅपवर आकडे असतात, नसले तर तूच खूण कर. त्यांची अदलाबदल झाली तर इंजिन दुसऱ्यांदा जाम होईल आणि ते तू केलेलं असेल.

यानंही नाही सुटलं तर ब्लॉक लेथवाल्याकडं जाईल, लायनर पिस्टनसकट प्रेसवर काढून नवा सेट बसवावा लागेल. बेळगावचं उद्यमबाग काय, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर काय, या कामाची माणसं दोन्हीकडं आहेत. खर्च होईल, पण तो भंगाराचा खर्च नाही, जुन्या इंजिनाचा नेहमीचा खर्च आहे.

क्लचच्या पेडलचं निदान मी पत्रावरून करतो, चुकलं तर कळव. पेडल दगडासारखं आहे म्हणजे प्लेट जाम असेल किंवा नसेल, पण पेडलचा शाफ्ट बुशमध्ये नक्की गंजलाय. ग्रीस कोणी भरलं नसेल. तिथं तेल सोड, पेडल वर-खाली हलव, दोन-तीन दिवसांत सुटेल. ते सुटलं की लाकडी टेकू देऊन पेडल दाबलेलंच ठेव, इंजिनचं काम चालू आहे तोवर आठवडेच्या आठवडे. बऱ्याच वेळा प्लेट तेवढ्यानंच मोकळी होते. नाही झाली तर शेवटचा उपाय आहे तो इंजिन चालू झाल्यावरचा. मोकळ्या शेतात, पुढं-मागं माणूस-जनावर नाही अशा जागी, इंजिन चांगलं गरम झाल्यावर क्लच दाबून वरच्या गियरमध्ये जरा चालवायचं आणि ब्रेक मारायचे. पण लक्षात घे, प्लेट चिकटलेली असताना गियरमध्ये सेल्फ मारला की ट्रॅक्टर त्याच क्षणी पळतो, आणि दाबलेला क्लच त्याला थांबवत नाही. म्हणून ब्रेक आधी ठीक असायला हवेत. जुन्या क्लच प्लेटच्या आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ हवेनं उडवू नकोस, ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं पुरून टाक. हायड्रॉलिकचं फार बोलत नाही. मॅसीचा लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो. तेल काढून बघ, ताकासारखं पांढरं निघालं तर पाणी शिरलंय. दोनदा डिझेलनं धुऊन नवं तेल भर, लिव्हर हळूहळू हलव. बाकी चालू झाल्यावर बघू.

आता नट-बोल्ट. यावर मी रात्रभर बोलू शकतो.

नट का धरतो ते आधी समजून घे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो. आट्यांमधली फट बारीक, त्यात तो फुगून बसतो. म्हणजे नट कोणी आवळला नसला तरी गंजानं आवळलाय. तुला तो गंज फोडायचा आहे. त्याला पिळायचं नाही. म्हणून सगळ्यात आधी ब्रशनं आटे साफ कर, तेल सोड आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे नेमके, आखूड ठोके दे. घणाचा घाव नको. ठोक्याचा आवाज ऐक. पहिल्यांदा तो मातीत ठोकल्यासारखा बद्द येतो. गंज फुटत जातो तसा आवाज मोकळा होतो, पितळी घंटेकडं झुकतो. माझ्या उस्तादांना डोळे मिटून कळायचं कुठला बोल्ट निघणार ते.

मग पाना लाव. रिंग पाना किंवा बॉक्स, फिक्स पान्यानं कडा गोल होतात. आधी सोडायचा नाही, थोडा आवळायचा. अर्धा सूत पुढं गेला की गंजाची पकड मोडते, मग मागं ये. मागं येताना जड झाला तर परत पुढं घे, तेल सोड. आणि एक गोष्ट हातानं शिकायची असते, ती लिहून कळत नाही, तरी सांगतो. पाना एकदम ‘कट्’ करून हलला तर चांगलं. पण गुळाचा पाक ओढल्यासारखा मऊ, लवचिक फिरायला लागला तर तिथल्या तिथं थांब. नट सुटत नाहीये, बोल्ट पिळतोय. आणखी पाव फेरा आणि डोकं हातात येईल.

गरम करायचं तर नट गरम कर, बोल्ट नाही. २५ मिलिमीटर मापाचा लोखंडी नट ३०० अंशांनी तापवला तर साधारण ०.०९ मिलिमीटर फुगतो. म्हणजे वहीच्या कागदाएवढा. तेवढंच पुरतं. तापलेल्या आट्यांवर मेणबत्ती टेकव, मेण वितळून आत ओढलं जातं. हा उपाय मी कुठल्याही महागड्या स्प्रेच्या वर ठेवतो. मॅनिफोल्डच्या स्टडला तर हाच. मात्र गॅस पेटवायच्या आधी आजूबाजूला बघ. तुझा गोठा तिथंच आहे, उसाचा पाला असेल, गवत असेल. गंज काढताना गंजी पेटवू नकोस. डिझेलची टाकीही आधी उतरवून लांब ठेव.

स्टड तुटलाच तर रडू नकोस. तुटलेल्या बुंध्यावर मोठ्या मापाचा नट ठेवून आतून वेल्डिंग मार. वेल्डिंगच्या उष्णतेनं निम्मं काम होतं, थंड झाल्यावर नटाला पाना लाव. इझी आउट, म्हणजे तुटक्या स्टडला भोक पाडून आतून पकडायचं हत्यार, शेवटी. ते स्टडपेक्षा कडक असतं, आत तुटलं तर ड्रिलही लागत नाही.

चाकाच्या नटांना मात्र ज्योत लावायची नाही. टायर रिमवर असताना रिमला गॅस नाही, वेल्डिंग नाही, हवा काढलेली असली तरी नाही. आत रबर तापून वायू सुटतो, दाब वाढतो आणि मोठं टायर बॉम्बसारखं फुटतं. माणसं मेलेली आहेत यात. तिथं तेल, ठोके, लांब पाइप आणि धीर एवढंच. चाक जमिनीवर असताना, पुढं-मागं दगड लावून सोड. पाइपवर उभं राहून नाचू नकोस, आणि थोरल्यालाही नाचू देऊ नकोस. नाहीच निघाला तर नटाच्या कडेला उभी छिन्नी लावून नटच चिर. नट नवा मिळतो, हब मिळवायला फिरावं लागतं. चाक काढल्यावर ट्रॅक्टर नुसत्या जॅकवर सोडू नकोस, विटांवरही नाही, वीट न सांगता फुटते. ओंडके लाव.

लिफ्टचे हात, लेव्हलिंगचा स्क्रू, टॉप लिंक, पिना असले सुटे लोखंडी भाग घासत बसू नकोस. गुऱ्हाळावरून काकवी आण, खराब झालेली, खायला नको असलेली मागितलीस तर स्वस्त देतील. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. दोन आठवड्यांनी भाग बाहेर काढून पाण्यानं धू, गंज हातानं निघून येतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियम त्यात घालायचं नाही, ते खाल्लं जातं. पिंपावर झाकण घट्ट हवं. एक तर वास येतो आणि आज्जी तुला घराबाहेर काढेल, दुसरं म्हणजे वासरू दावं सोडवून गोड प्यायला येतं. ज्याला विजेचा चार्जर आहे तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात करंट सोडूनही गंज काढतो. भाग निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला. ते उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन सुटतो. सोड्याऐवजी मीठ नको आणि भंगार म्हणून स्टेनलेस स्टील नको, दोन्हीतून विषारी गोष्टी निघतात. माझ्यापुरतं म्हणशील तर काकवीच बरी, तिला लाईट लागत नाही.

सगळं मोकळं होऊन इंजिन बांधलं की पहिल्यांदा स्टॉप ओढलेला ठेवून, डिझेल न देता सेल्फनं फिरव, ऑइलचा काटा उठेपर्यंत. मग सुरू कर. त्या वेळी थोरल्याला एक काम दे. त्याच्या हातात सपाट फळी देऊन इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी उभा कर. जुना पंप कधीकधी पूर्ण डिझेलवर अडकतो आणि इंजिन सुसाट सुटतं, स्टॉप ओढूनही थांबत नाही. हवा बंद केली की थांबतं. तोंडावर फळी दाबायची, हात नाही. ओढायची हौस होती ना त्याला, हे त्याहून जबाबदारीचं आहे.

रंगाचं आज्जीला सांग, रंग शेवटी. जाम नटावर रंग बसला की पाना बसत नाही आणि तेल आत जात नाही.

खंडेनवमीपर्यंत चालू होईल का, ते मी सांगू शकत नाही, ती रेघ सांगेल. पण श्रावण अजून यायचा आहे, तुमच्याकडं पाऊस थांबलेला नाही आणि तुझ्या पत्रात सायलेन्सरवर काही घातल्याचं कुठं लिहिलेलं नाही. सेल्फ उद्या काढ. आज आधी गोठ्यात जाऊन खुंटीवरचा तो डबा घे आणि घालून ये.